चंद्राची तोंडी परीक्षा

तनुजाबाईंनी गुणपत्रक मुख्याध्यापकांच्या टेबलावरून परत सरकवलं.

“मी खोडणार नाही, सर.”

“रुपालीला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. आणि तोंडीला दहापैकी नऊ?” यज्ञेश्वर सर हसले. “तोंडी परीक्षा तोंडानं द्यायची असते, बाई.”

“विषय विज्ञान आहे. वक्तृत्व नाही.”

धायरीच्या त्या शाळेत सरांना असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. जूनमध्ये ही पोर वाशीमहून आली, तेव्हा ‘मागं बसवा, चित्रं काढू द्या’ एवढंच त्यांना सांगण्यात आलं होतं. त्यांनी तिला पहिल्या बाकावर बसवलं, आणि अख्ख्या वर्गाला विज्ञानच चित्रांतून, हातवाऱ्यांतून शिकवायला घेतलं.

“चला, मीच विचारतो,” म्हणत सर उठले.

पाचवीच्या वर्गात त्यांनी रुपालीसमोर उभं राहून मोठ्यानं विचारलं, “चंद्राची कोर का दिसते?”

बाईंनी फळ्यावर कोर काढली, पुढं प्रश्नचिन्ह. रुपालीनं खडू घेतला. सूर्य, पृथ्वी, पृथ्वीभोवती आठ चंद्र. प्रत्येकाची सूर्याकडची बाजू तिनं खडूनं भरून काढली.

“चूक. पृथ्वीची सावली कुठाय?” सरांनी स्वतःच एका चंद्रावर सावली ओढली.

बाई फळ्यापासून दोन पावलं मागं सरकल्या.

रुपालीनं मान हलवली आणि सरांची सावली तळव्यानं पुसून टाकली. कपाटातला पांढरा चेंडू आणला, सरांची बाही धरून त्यांना खिडकीतल्या उन्हात नेलं. चेंडू हातात देऊन हात लांब करायला लावला, आणि त्यांना हळूहळू वळवू लागली. चेंडूवर आधी बारीक कोर उजळली, मग अर्धा चंद्र. खिडकीकडे पाठ झाली, तशी सरांच्या डोक्याची सावली चेंडूवर पडली.

“ही बघा सावली!” सर म्हणाले.

“ते ग्रहण, सर,” अख्खा वर्ग एकदम म्हणाला.

रुपालीनं त्यांचा हात कोपराखालून वर ढकलला. चेंडू पूर्ण उजळला.

सर त्याच्याकडे बघत राहिले. बाईंनी गुणपत्रक पुढं केलं नाही; सरांनीही मागितलं नाही.

रुपालीनं एक बोट वर केलं. पुन्हा एकदा.

सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, हात लांब केला आणि सावकाश वळू लागले.