न पाहता सोडलेला झोत

अमरावतीच्या प्रयोगशाळेत प्रियदर्शनीनं लेझर बंद केला, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि बाबांचा व्हॉइस मेसेज पुन्हा लावला.

"पोरी, झाली ना डॉक्टर! मले मालूमच होतं. आता पोटभर जेव."

कसली डॉक्टर! परीक्षकच आले नव्हते. पीएचडीचा व्हायवा पुढे ढकलला, असं तिनं सकाळीच बाबांच्या फोनवर लिहिलं होतं. त्याच्याच खाली हा आनंद येऊन पडला होता. तिनं फोन लावला. नेहमीसारखा कापला गेला. दोन महिने हेच चाललं होतं. विचारावं एक, तर उत्तर भलतंच, आणि शेवटी ठरलेलं, 'व्हायवा होईपर्यंत इकडे येऊ नको.' तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं अकोल्याची बस धरली.

बसमध्ये तिला उन्हाळ्यातलं बोलणं आठवलं. बाबा, म्हणजे डोमाजी, जन्मभर एस.टी.त कंडक्टर. त्यांच्या हाळीनं मूर्तिजापूरच्या स्टँडावर झोपलेली माणसं उठत. त्यांनी विचारलं होतं, "तू करतं काय त्या लेझरनं?"

"रेणू मोडाले टेकला असते, बाबा. त्याले झोतानं सावरून धराचं. मधात तो कसा हाये ते पायता येत नाही, तेवढा टाइमच नसते. मंग झोत आधीच ठरवाचे, अन् न पायता सोडत राहाचे."

"अन् तो सावरते?"

"सावरते. हिशेब बरोबर असला तं."

दार आईनं उघडलं. बाबा खाटेवर बसले होते. गळ्याभोवती पट्टी, मधोमध श्वासाची नळी. धाकटा भाऊ धर्मेंद्र बाबांचा फोन हातात घेऊन उभाच राहिला.

"कॅन्सर होता, ताई. आवाजाची पेटीच काढली. ऑपरेशनच्या आधी त्याईनं सारे मेसेज बोलून ठेवले. तुया अभ्यास मोडू नये म्हणून. मी नंबरवारीनं पाठवत गेलो."

"अन् मी लिवलेलं?"

"आजचं नाही वाचलं. मेसेजबी कदी ऐकले नाही. बाबाचा आवाज मले आता ऐकवत नाही."

तिला रडूही येईना. राग आला तो स्वतःचाच. हे सगळं तिनंच तर त्यांना शिकवलं होतं.

डोमाजींनी भुवया उंचावल्या आणि हातानं विचारलं, झालं का? इतक्या दिवसांत त्यांनी तिला विचारलेलं हे पहिलंच.

"झाला, बाबा," ती म्हणाली. "डॉक्टर झाली मी."

मग धर्मेंद्रच्या हातून फोन घेऊन तिनं सकाळचा आपला निरोप पुसून टाकला.