पिवळ्या पाण्याची परात

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची परात आहे. पण माझ्यात कधी कोणी पीठ मळले नाही. तांबटाने मला ठोकून आकार दिला, आतून कल्हई केली आणि आरोंद्याच्या परशुरामभाईंनी मला घरी आणले, ते कावीळ उतरवण्यासाठी.

रोगी समोर बसे. भाई त्याच्या हातांना आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळत आणि वरून चुन्याची निवळी ओतत. माझ्या पांढऱ्या कल्हईवर पाणी पिवळेधमक दिसे. "बघ, उतरली!" भाई म्हणत. ते लबाड नव्हते. वडिलांनी शिकवले तसेच ते करीत. बरेच रोगी बरेही होत. मला वाटे, हे माझेच पुण्य.

१९५८ साली सुगंधा आली. तिचा नवरा बोटीवर नोकरीला होता. तिची कावीळ 'उतरली'. पाच वर्षांनी ती अचानक पुन्हा दारात उभी राहिली. डोळे हळदीसारखे, पाय सुजलेले, अन्नाचा वासही नको.

"भाई, तुमी उतरयली होती मां? मगे ही खंयसून इली?"

"इली तर परत उतरयतलंय. घाबरतस कित्याक?"

पाच दिवस पाणी पिवळे झाले. सुगंधा त्याहून पिवळी झाली. घरच्यांनी तिचे ताट वेगळे केले, अंथरूण परसातल्या मांगरात, लाकूडफाट्याच्या खोपटात, घातले. सासू लांबूनच पेज सरकवी. भाईंकडे ती काठी टेकत एकटीच येई.

सहाव्या दिवशी तिच्यासोबत तिची बहीण जानकी आली. ती मालवणच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायची. तिने सारे पाहिले आणि स्वतःचे हात पुढे केले.

"भाई, माजे धुवा."

"तुका खंयची गो कावीळ? घोड्यासारी धडधाकट आसस!"

"म्हणानच धुवा."

भाईंनी हसत रस चोळला, निवळी ओतली. पाणी पिवळे झाले. तितकेच पिवळे.

भाईंचे हसू गेले. त्यांनी स्वतःचे हात धुतले. पुन्हा तेच. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यात एकाही निरोगी माणसाने हात धुतले नव्हते. रंग रसाचा आणि चुन्याचा होता, रोगाचा नव्हता. जे बरे झाले, ते आपापलेच बरे झाले होते.

"बाये, हिका आत्ताच दवाखान्यात न्हे," भाई कसेबसे म्हणाले.

सुगंधा वाचली. आजार मुळात गेलाच नव्हता, यकृतात दबून होता आणि आता उसळला होता, असे डॉक्टरांनी जानकीला सांगितले. यापुढे झाडपाला बंद, विश्रांती आणि ठरावीक काळाने तपासणी. शेजारी बसल्याने तो कुणाला लागत नाही, असेही ते म्हणाले. घरच्यांना एवढेच पटले नाही.

भाईंनी मला माळ्यावर टाकले. कल्हई काळवंडली. मग एका दुपारी ओळखीचा आवाज आला.

"भाई, माजे हात धुवा."

"खुळावलंस काय गो? तुका सगळा म्हायत आसा."

"आसा. पण दोन म्हयने झाले, माका कोणी हात लावक नाय."

भाईंनी मला खाली काढले. रस नाही, चुना नाही. नुसते विहिरीचे पाणी. सुगंधाचे एकेक बोट त्यांनी सावकाश धुतले. पाणी स्वच्छ राहिले. त्यात तिच्या डोळ्यांतले थेंब पडले, तेही दिसेनात.

मित्रांनो, कावीळ झाली तर डॉक्टरांकडे जा, आणि बरे वाटले तरी पुन्हा जाऊन तपासून घ्या. पण घरात कोणी आजारी असेल, तर त्याचा हात तुम्ही धरा. ते काम परातीवर सोपवू नका.