अकरावा क्रमांक

मत्सर मोठा लाघवी पाहुणा. भिमाजीच्या घरात तो साठ झेरॉक्सच्या गठ्ठ्यातून शिरला.

२००२ साल होतं. शिरूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता भिमाजी पीएच.डी. करत होता. त्याचे गाइड बापूसाहेब सर मेंढ्यांच्या जंतांवर आजवर झालेल्या संशोधनाचा आढावा लिहायला बसले होते. शोधनिबंधांचा क्रम लावायचं काम त्यांनी भिमाजीवर सोपवलं.

"पहिल्या दहांवर सविस्तर लिहू, बाकीच्यांची नुसती नावं. कीर्तनात बुवा अभंगाला लागू पडेल तेच प्रमाण देतात ना? तसं निवड."

त्या साठांत एक भिमाजीचा होता, ग्रंथालयात बसून जुन्या आकड्यांवर बेतलेला. आणि एक अनुपमाचा. ती कॉलेजात त्याच्या मागून आलेली, पण हल्ली चहाला बसलं की सर म्हणायचे, "अनुपमाबाई रान तुडवतात हो!" मग भिमाजीचा चहा कडू व्हायचा.

रविवारी खुटबावच्या घरी त्यानं घोंगडीवर कागद पसरले. स्वतःचा निबंध दहावा ठेवला. थोरांच्या पंगतीत शेवटचं पान, तेवढं चालतं. अनुपमाचा सत्तावन्नावा. नुसतं शीर्षक नि तिचं नाव वाचूनच शेऱ्यात लिहिलं, 'मेंढ्या फार कमी', आणि तो उंबऱ्याकडं सरकवला.

सप्ताहाच्या कीर्तनाला निघालेले त्याचे वडील, आबा, हातात टाळ, तिथंच थबकले.

"ह्यो कागद एकटाच हितं का टाकला?"

"त्यात मेंढ्या कमी हायत, आबा."

"कुठल्या मेंढ्या?"

"इथल्याच. खुटबावच्या."

"म्हंजी आपल्याच की! त्या चष्म्यावाल्या अनुपमाचा व्हय? तीन म्हैनं येत हुती. दीडशे मेंढरं, एकेकीच्या लेंड्या पिशवीत भरायची, वर नंबर टाकायची. तुझी आई तर दृष्ट काढायची तिची!"

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तू कवा इचारलंस? आला की कागदात घुसतोस." आबा हसले. "मेंढा घेताना आपण दात बघतो, लेका. मालकाचं तोंड न्हाई."

आबा गेले. भिमाजीनं निबंध उचलला आणि पहिल्यांदा वाचला. दीडशे मेंढ्या, महिन्यामहिन्याचा तक्ता, कुठं फट नाही. शेवटी आभार: 'श्री. ज्योतिबा, मेंढपाळ, खुटबाव.' बापाचं नाव छापून आलं होतं, ते तिच्या हातून. हे मात्र फार झोंबलं.

त्यानं सत्तावन्न खोडून तीन लिहिलं. मग कुणाला तरी खाली उतरावं लागणार होतं. बाकीचे नऊ त्यानं दोनदा चाळले, एखाद्यात तरी खोट सापडेल म्हणून. सापडली नाही.

देवळातून टाळ ऐकू यायला लागले. भिमाजीनं स्वतःच्या निबंधावर अकरा घातलं. मत्सर काही घरातून गेला नव्हता. शेऱ्याची जागा रिकामी होती. तिथं त्यानं लिहिलं, 'आकडे जुने. लेखक रानात गेलेला नाही.'