उरलेलं तेल

"कंचं टाकायचं, झिपरू?" दामू मुकादमाने दोन डबे सागाच्या बुंध्याशी ठेवले. "रोजचं तेल संपलं. कल्याणचा दुकानदार बोलला, दोनी चालतील. माजा इश्वास तुज्या बोटांवर."

एवढं बोलून तो पेट्रोलचा कॅन आणायला खोपटाकडे वळला.

झिपरूला अक्षर येत नव्हतं. तेल येत होतं. लहानपणी आईबरोबर खुरासणी घेऊन म्हसा गावच्या घाण्यावर जायचा, तेव्हापासून. त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात सिद्धगडाखालच्या तोडीच्या रानात मशीनची करवत आली, आणि तिच्या पेट्रोलात तेल मिसळायचं काम त्याच्या वाट्याला आलं. तेल चुकलं तर मशीनचा जीव जातो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चुकीचं तेल कोणतं, हे झिपरूच्या बोटांना.

शेजारी धाऊ बसला होता, झिपरूच्या बायकोचा, सोनीचा भाऊ. मांडीवर दोघांनी ओढायची लांब करवत. चौदा वर्षं तिच्या एका मुठीला झिपरू, दुसऱ्या मुठीला धाऊ. एकाने 'ये' म्हणायचं, दुसऱ्याने 'जा'. झाड पडेपर्यंत ये आणि जा, ये आणि जा, एका जात्यावर बसलेल्या दोघी जावांसारखं. मशीन आल्यापासून रानातल्या बारा जोड्यांना नुसत्या फांद्या छाटायचं काम उरलं होतं. उद्यापासून तेही नव्हतं.

झिपरूने कालचं उरलेलं पेट्रोल दोन बाटल्यांत घेतलं, एकेका डब्यातलं तेल सोडलं, हलवलं. एकीत ते विरघळून गेलं, सांजेच्या आभाळासारखं तांबूस. दुसरीत काळं तेल हळूहळू तळाशी जाऊन बसलं. ट्रकच्या गिअरचं असावं.

धाऊने पाहिलं. "दाजी, काळं टाक."

झिपरूने काळ्या तेलाची बाटली पुन्हा हलवून बघितली.

"टाक की. मशीन बसंल, मंग आमालाच बोलावतील. नायतर उद्या वीटभट्टीला चाललो, पोराबाळांसकट."

"मशीन हितं नाय बसायची, धाऊ. झाडात बसंल."

"बसू दे झाडात."

"मंग अर्धं झाड कोन पुरं करंल?"

धाऊने मान फिरवली. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी असंच तेल ओतलं होतं. मशीन अर्ध्या बुंध्यात अडकली. अर्धं तोडलेलं झाड उभं सोडून घरी जायचं नाही, ही रानाची रीत. म्हणून बारा जोड्यांतला जाणू करवत घेऊन पुढे झाला. झाड फिरलं आणि त्याच्या पायावर आलं. जाणू आता एक पाय घेऊन उंबऱ्यात बसतो आणि दोर वळतो.

"मी जपून कापीन."

"जाणू काय येडा व्हता?"

"तू मातुर शाना झालास," धाऊ हळूच म्हणाला. "मशीनचा जावई."

झिपरू बाटल्यांकडे बघत राहिला. काळं ओतलं तर धाऊ मरेल, तांबूस ओतलं तर धाऊ जाईल. तिसरा डबा मुकादमाने आणलाच नव्हता.

मुकादम कॅन घेऊन आला. "ठरलं?"

"हे." झिपरूने तांबूस तेलाचा डबा पुढे सरकवला.

धाऊ उठला. करवत सागाला टेकवली. "एकट्याला वढता येनार नाय ही. ऱ्हाऊ दे तुज्याकडं." आणि वाडीच्या वाटेला लागला.

मशीन दिवसभर चालली. तिला ये लागत नव्हतं, जा लागत नव्हतं.

उन्हं उतरली तेव्हा मापाच्या भांड्यात बोटभर तेल उरलं होतं. झिपरूने ते चिंधीवर घेतलं आणि करवतीच्या एकेका दात्याला चोळलं, गंज चढू नये म्हणून. मग आपल्या बाजूची मूठ पुसली. मग उठून पलीकडे गेला, आणि धाऊची मूठ पुसत बसला, बराच वेळ.