तुमच्या घरी ठेवाल का?

प्रश्न पहिला. स्वतःबद्दल सांगा.

"मी बंटी..."

"बंटी नाही. अपूर्व."

"मॅडम, अपूर्व म्हटलं की मले वाटते कोर्टात पुकारा होऊन राहिला."

नंदिनी हसली नाही, कारण या वेळी ती नंदिनी नव्हती. सीताबर्डीतल्या संस्थेच्या खोलीत टेबलाच्या पलीकडे बसून ती मालक झाली होती. तुरुंगातून सुटलेल्यांना मुलाखतीसाठी तयार करायचं, कुठेतरी कामाला लावायचं, हे तिचं काम. त्यासाठी ती रोज कुणाचा ना कुणाचा मालक व्हायची. मालक असताना 'तुम्ही' म्हणायची, नसताना 'तू'.

"पुन्हा. स्वतःबद्दल सांगा."

"मी अपूर्व. तुरुंगाच्या दवाखान्यात म्हाताऱ्या कैद्यांची सेवा केली. उचलणं, आंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं, सगळं येते."

"छान."

"मालक छान म्हणते का कधी?"

प्रश्न चौथा. तुरुंगात का गेला होतात?

(दुसरा आणि तिसरा सोपे होते. गाळले.)

चौथ्याचं उत्तर नंदिनीने लिहून दिलं होतं. तीन वाक्यं. संस्थेत आलेल्या प्रत्येकाला तीच द्यायची.

"रागाच्या भरात माझ्या हातून एक गंभीर चूक झाली. तिची शिक्षा मी भोगली..."

"आता?"

"आता..."

"आता मला पुढे जायचं आहे. अपूर्व, रोज इथेच अडकतोस तू."

"भोगली म्हटलं की संपली असं वाटते."

"तसंच वाटायला पाहिजे समोरच्याला."

"अन् तो म्हातारा? तो तं नाही ना गेला पुढं."

म्हातारा म्हणजे अपूर्वचा घरमालक. पाण्याच्या मोटरवरून भांडण झालं, अपूर्वने त्याला ढकललं, तो जिन्यावरून पडला आणि गेला. नंदिनीला हे कागदांवरून माहीत होतं. अपूर्वला तिने कधी विचारलं नव्हतं. आम्ही मागचं विचारत नाही, असं ती पाहुण्यांना अभिमानाने सांगायची. न विचारणं तिला सोपंही जायचं, हे ती कुणाला सांगायची नाही.

इथे प्रश्न नाही. फोन आहे.

फोन चंपतरावांचा होता. धंतोलीत दवाखान्यांच्या गर्दीत त्यांचा ब्युरो. पेशंट घरी गेला की त्याच्यासोबत राहायला ते माणूस देतात. आदल्या दिवशी अपूर्व त्यांना भेटून आला होता. होकारच येणार, याची नंदिनीला इतकी खात्री होती की तिने फोन स्पीकरवर टाकला. त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकावं म्हणून.

"ताई, पोरगा चांगला आहे तुमचा. अंगानं मजबूत, बोलते पण नीट. ते चुकीबिकीचं तं असं म्हटलं त्यानं, जसं शाळेत कविता."

अपूर्वने कपाळावर हात मारला.

"मग उद्यापासून पाठवू?"

"थांबा ना जरा. म्हाताऱ्या माणसाचा जीव घेऊन आत गेला होता हा. अन् मी त्याले म्हाताऱ्यापाशीच पाठवू? उद्या कोणी म्हटलं, चंपतराव, अक्कल होती का गा तुले, तं काय सांगू?"

"मी सांगीन. माझी खात्री आहे त्याच्याबद्दल."

"खात्री आहे ना? मंग सोपं झालं. तुमचे बाबा अंथरुणावर आहेत. पंधरा दिवसांपासून तुम्हीच माझ्यामागं लागून राहिल्या, माणूस द्या, माणूस द्या. हाच घेऊन जा. महिनाभर राहू द्या, मंग मी डोळे मिटून घेतो त्याले. बोला. ठेवाल का तुमच्या घरी?"

या जागी नंदिनीने म्हणायला हवं होतं:

हो.

हो, उद्यापासूनच.

चंपतराव, हे मलाच आधी सुचायला हवं होतं.

यातलं एकही वाक्य तिच्या तोंडून निघालं नाही. सगळी नंतर सुचली, गाडीवर, सिग्नलला थांबल्यावर. त्या जागी तिला दिसली ती बाबांची मान. दाढी करताना दोन बोटांनी वर धरावी लागते ती, सैल कातडीची. बाबांना ओरडता येत नाही, हे आठवलं. समोर खुर्चीत माणूस बसला आहे हे माहीत होतं, आणि तिने टेबलाकडे पाहिलं.

फोनमधून धंतोलीचे हॉर्न ऐकू येत राहिले.

मग अपूर्वच फोनकडे वाकला. "साहेब, मॅडमले घरी विचारा लागन. सांगतील त्या तुम्हाले."

"समजलं मले," चंपतराव म्हणाले, आणि फोन ठेवला.

प्रश्न. तुमचा सर्वात मोठा दोष कोणता?

(हा खरं तर सहावा. आणि अपूर्वला विचारायचा होता.)

"चौथा घेऊ का परत?" अपूर्व म्हणाला. "मधातच अटकलो होतो."

नंदिनी पाणी प्यायली. त्यानं तिला वाचवलं होतं. तिने त्याला नाही. आणि तो आता सराव करायला तयार होता, जणू फोन आलाच नव्हता. त्यानं चिडायला हवं होतं. चिडला असता तर तिला समजावता तरी आलं असतं.

"उद्यापासून ये. घरी," ती म्हणाली. फार घाईने.

"मॅडम, तुम्ही मले काम देऊन राहिल्या का माफी मागून राहिल्या?"

"दोन्ही."

"मंग दोन्ही वेगवेगळं करा. माफीतली नोकरी नाही पायजे मले. रोज तुम्ही दारातून डोकावून पाहान, अन् रोज मले सॉरी म्हणान. माझा जीव जाईन त्यात." तो जरा हसला. मग नाही. "इंटरव्ह्यू घ्या. मालक तुम्हीच. पण आता खऱ्या."

चौथा. खरा.

"तू काय केलंस?"

मालक झाल्यावर 'तुम्ही' म्हणायचं, हे ती विसरली.

"मोटर बंद केली होती त्यानं. आई घरात तापानं पडली होती, प्यायले पाणी नाही. वर गेलो. तो जिन्याच्या तोंडाशीच उभा. मले म्हणे, तुझ्या बापाची विहीर आहे का. मी ढकललं." अपूर्व हाताच्या पंजाकडे पाहत होता. "कोर्टात सांगितलं, बाजूले सारत होतो. वकिलानं तसंच सांगायले लावलं. सारत होतो का पाडत होतो, देवाशप्पथ मॅडम, मले आजही नाही माहीत. पण एक माहीत आहे. तो पडताना मलेच पकडायले गेला. मी ढकललं, अन् मलेच. माझी बाही धरली त्यानं. मी हात वर घेतला."

"घेतला म्हणजे?"

"सोडवून घेतला."

हे कागदांत नव्हतं. पंखा फिरत होता. नंदिनीला वाटलं, विचारलं नसतं तर बरं झालं असतं. लगेच त्या वाटण्याचीही लाज वाटली.

"मला भीती वाटते," ती म्हणाली.

"वाटू द्या. मले पण वाटते. फक्त ये म्हणा का नको म्हणा. नको म्हटलं तरी मी रुसत नाही. इथला चहा चांगला आहे."

"ये."

यानंतरचे प्रश्न कुठल्याच सरावात नव्हते.

कोराडी रोडवरच्या घरात नंदिनीचे बाबा, धम्मानंद, पलंगावर होते. सगळी नोकरी वीज केंद्रात झाली, आणि रिटायर झाल्यावर झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. समज शाबूत होती. म्हणून नंदिनीने सकाळी त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं, बाहीसकट. तेच नाही म्हणाले तर आपली सुटका होईल, असं तिला सांगताना आतून वाटत होतं.  त्यांनी डाव्या हाताने आत बोलावल्यासारखी खूण केली. येऊ दे.

अपूर्व आला, हात धुतले. "काका, मी बंटी," म्हणाला. 'अपूर्व' हे नाव सांगितलं नाही.

उचलताना बाबांचा तोल गेला आणि त्यांनी डाव्या हाताने त्याच्या शर्टाला घट्ट धरलं. अपूर्व तसाच वाकून थांबला. डोळे मिटलेले. बाबांनी स्वतःहून पकड सैल करेपर्यंत त्यानं हालचाल केली नाही. नंदिनी दारात उभी होती. पुढे जावं की नाही तिला कळेना. ती गेली नाही.

"मॅडम, ऑफिस."

"हो."

ती अंगणात आली तेव्हा त्यानं घराचं दार सताड उघडलं आणि खुर्ची लावून अडकवलं. पलंग थेट रस्त्यावरून दिसत होता.

"हे कशाला?"

"राहू द्या उघडं. येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसते. तुम्हाले बरं."

तिने नाही म्हटलं नाही. तिला खरंच बरं वाटलं, आणि ते त्याला दिसलंही.

आतून बाबांचा आवाज आला. शब्द नाही, नुसता घशातला. डावा हात दाराकडे दाखवत होते. वारा सुटला होता आणि वीज केंद्राच्या कोळशाची राख उंबऱ्यावरून आत येत होती, पांढुरकी, बारीक. राख आली की त्यांना खोकला लागतो आणि मग थांबत नाही.

"दार लावा म्हणतात," नंदिनी म्हणाली.

अपूर्वने खुर्ची बाजूला केली. दाराला हात लावून उभा राहिला. बाबांचं सांगून झालं होतं, तरी तो तिच्याकडे पाहत होता. बाबाही तिच्याकडेच पाहत होते.

"लाव," ती म्हणाली.

दार लागलं. कडीचा आवाज आला नाही, त्यानं नुसतंच लोटलं असावं. नंदिनीने गाडीला किल्ली लावली आणि फिरवली नाही. आत बाबा खोकले. अपूर्व काहीतरी बोलला. भांडं वाजलं, पाणी ओतल्यासारखं. हे ऐकत उभं राहणं बरं नाही, त्यानं पाहिलं तर काय वाटेल त्याला, हे तिला कळत होतं. ती ऐकत उभी राहिली.