दोन्ही हेडं सारखी

गुरुवारी दुपारी जुनी गाडी सुरू झाली आणि अप्पांनी ती फाटकापर्यंत चालवली. पण असं काही घडलंच नाही, असं घरात ठरलं आहे. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

अप्पांचं लायसन्स शनिवारी संपत होतं आणि डोळ्यांच्या डॉक्टरने पुढचं सर्टिफिकेट द्यायला साफ नकार दिला होता. त्याआधी बायकोला शेजारी बसवून एकदा धरणापर्यंत जायचं, एवढंच अप्पांचं मागणं. इंजिन बांधायचं काम मुलाकडे. बाहेर त्याला सगळे मिस्त्री म्हणत, घरात कोणी काही म्हणत नसे.

इंजिनात चार-चार सिलिंडरच्या दोन ओळी, प्रत्येकीवर एक हेड, म्हणजे वरचं झाकण. डावं तडकलं म्हणून भंगारातून दुसरं आणलेलं. दोन्हींच्या आतल्या, पेट्रोल पेटतं त्या पोकळ्या सारख्या हव्यात, नाहीतर एका घरात दोन जावांनी वेगळ्या चुली मांडाव्यात तसं इंजिन कुरकुरतं. त्यासाठी भोक पाडलेली काच पोकळीवर ठेवायची, सिरिंजने रॉकेल सोडायचं आणि किती मावलं ते वाचायचं.

"या घरात सिरिंज मी वाचतो," अप्पा म्हणाले. चाळीस वर्षं तेच वाचत आले होते. मिस्त्रीने तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तुम्हाला दिसत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं ते तोंड त्याला सापडेना.

अप्पांनी डावं मोठं सांगितलं. हेड घासलं की पोकळी लहान होते, म्हणून ते मशीनवर घासून आणलं, तर उजवं मोठं निघालं. उजवं घासलं, तर पुन्हा डावं. पाचव्या खेपेला मशीनवाल्याने विचारलं, हेडच ठेवायचंय की पातेल्यावरची झाकणी करायचीय?

बुधवारी अप्पा जेवून आडवे झाले तेव्हा मिस्त्रीने गुपचूप स्वतः मोजलं. दोन्ही तंतोतंत सारखी होती. फक्त पोकळी म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं. आठाला एक असलेलं कॉम्प्रेशन तेराला एक झालं होतं. एवढ्या दाबाखाली साधं पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही, आधीच पेटतं; तेवढा दाब सोसतं ते विमानाचं पेट्रोल. आणि घासून गेलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही.

गुरुवारी जिन्यावरून पान्यांची पेटी गडगडत यावी तसा आवाज करत गाडी फाटकापर्यंत गेली. मिस्त्रीने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. पर्स मांडीवर धरून बसलेल्या आईने विचारलं, पोचलो का?

"पेट्रोल हलकं आहे," अप्पा म्हणाले. मग मिस्त्रीकडे वळून, "दोन्ही सारखी आहेत ना?"

"अगदी सारखी, अप्पा."

शुक्रवारी मिस्त्रीने अर्ज लिहिला:

"प्रति, मा. इंधन अधिकारी, विमानतळ. विषय: विमानाचे पेट्रोल वीस लिटर मिळणेबाबत. महोदय, सदर वाहन जमिनीवरूनच जाईल, याची अर्जदार हमी देत आहे. मंजुरी उद्या सायंकाळपूर्वी मिळावी. ते शक्य नसल्यास, पेट्रोल येईपर्यंत शनिवार पुढे ढकलण्याची शिफारस आपल्या स्तरावरून व्हावी, ही नम्र विनंती."