खोरफक्कानपर्यंतची तालीम

मोहिद्दीनच्या डोक्यात फ्रान्सचा किनारा शिरला, तो आखातात, रुवैसच्या रिफायनरीत शिफ्टची बस चालवताना. बसमधल्या एका फ्रेंच इंजिनिअरने त्याला ब्रिटनी भागातल्या आपल्या गावाचे फोटो दाखवले. काळे खडक, दीपगृह, वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या. "हबीबी, हे तर आमचं रत्नागिरी," मोहिद्दीन म्हणाला, आणि तेव्हापासून घरात एकच तुणतुणं. रिटायर झालो की तिथे मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, चालवणार, समुद्र आवडेल तिथे थांबून चहा पिणार. बायको जहांआरा हसायची. आता तो रिटायर झाला, मुलगा यहयाने सगळं बुकिंग केलं, व्हिसाही आला, आणि तिचं हसू कुठल्या कुठे पळालं.

कारण मध्यंतरी मोहिद्दीन खबूसच्या रोट्या आणायला गाडी घेऊन गेला आणि टॅक्सीने परत आला. गाडी अल मजाजला तलावाकाठी राहिली होती. "पार्किंग कुठे मिळतं इथे," म्हणाला. मग एकदा नेहमीच्या मशिदीचा रस्ता त्याने तिलाच विचारला, तोही हसत हसत. जहांआराने यहयाला अवाक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ट्रिप खलास. या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना पोहोचवलं. एकही माणूस मागे ठेवून कधी बस हलवली नाही. साहेबांची बोलणी खाईल, पण उशीर झालेल्यासाठी थांबेल. त्याने एकदाच स्वतःसाठी काही मागितलं, आणि ते बायकोनेच हिसकावून घ्यायचं? पण परका मुलुख, कड्यावरचे रस्ते, आणि स्टिअरिंगवर हा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

म्हणून तालमीचा घाट तिनेच घातला. अल क्वोजच्या एका वर्कशॉपमधून मोटरहोम भाड्याने घ्यायची, खोरफक्कानच्या समुद्रापर्यंत जायचं आणि दिवसाउजेडी परत यायचं. यहयाला वाटलं, अब्बांना हात बसवायचा असेल. "एन्जॉय, अम्मी," म्हणाला. ही परीक्षा आहे हे फक्त तिला ठाऊक.

जाताना मोहिद्दीनने गाडी काय सुरेख चालवली! बोगदे, वळणं, अंगावर येणारे ट्रक, कुठे म्हणून धक्का नाही. समुद्रापाशी त्याने स्वतः गॅस पेटवला, चहा टाकला आणि दारात पाय सोडून बसला.

"तिकडे अगदी असंच. फक्त थंडी. तू स्वेटर घे."

"तुम्ही आधी कानटोपी घ्या, मग माझ्या स्वेटरचं बघा."

तो मान हलवून हसला. जहांआराला स्वतःचीच लाज वाटली. या वयात कोण विसरत नाही? उगाच नवऱ्याची परीक्षा घेत बसले, असं तिला झालं.

कप धुऊन दोघं निघाली. गाडी सुरू करण्याआधी सफरची दुआ म्हणायची, हा मोहिद्दीनचा नेम. ती कान देऊन ऐकत राहिली. तो एका शब्दाला अडखळला नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

मग त्याने इंजिन सुरू केलं, आरशातून मागच्या रिकाम्या पलंगांकडे पाहिलं आणि हाक दिली, "सब बैठ गये? दरवाजा बंद करो, यल्ला."

थट्टाच असणार, म्हणून तिने त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"यहयाचे अब्बा, कुठे निघालो आपण?"

"कुठे म्हणजे? प्लांटवर. सकाळची शिफ्ट आहे."

पुढे चढ होता आणि त्यापुढे बोगदे. किल्लीला हात लावला तर तो भडकेल आणि तसाच गाडी काढेल. एवढ्या वर्षांचा संसार, कुठल्या शब्दाला हा माणूस थांबतो हे तिला माहीत होतं.

"थांबा," ती म्हणाली. "एक जण यायचा राहिलाय."

त्याने तत्काळ इंजिन बंद केलं. "कोण?"

"नवीन आहे. फोन करते त्याला."

खाली उतरून गाडीच्या मागे जाऊन तिने यहयाला फोन लावला. "टॅक्सी करून खोरफक्कानला ये. परत गाडी तू चालवायची. आणि फ्रान्सचं कॅन्सल कर." तो विचारत राहिला, "व्हॉट हॅपन्ड, अम्मी?" पण तिला रडू आवरेना.

डोळे पुसून ती परत शेजारी येऊन बसली. मोहिद्दीन स्टिअरिंगवर हात ठेवून रस्त्याकडे बघत होता.

"उन्हात धावत येईल बिचारा," तो म्हणाला. "पाणी काढून ठेव त्याच्यासाठी."

जहांआराने फ्रिजमधून बाटली काढली आणि मांडीवर धरून बसली.